माजी सैनिकांची भेट आणि युद्धस्थळांची वाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे फौजेतून पेन्शनवर आलेली माणसं गावोगाव भेटतात. कोकणातही भेटतात, फक्त तिथे ती स्वतःहून सांगत नाहीत. या माणसांबद्दल मनात आदर आहे, पण तो व्यक्त कसा करायचा आणि युद्धस्मारकं बघायला जायचं तर कुठून सुरुवात करायची, असं अनेक जण मला विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं सांगणं एकच आहे: कुठल्याही स्मारकाला निघण्याआधी निदान एका सैनिकाचं नाव, गाव आणि पलटण माहीत करून घ्या. एवढं केलं की पुढचं बघणं सगळं बदलतं.

शेजारी एक माजी सैनिक राहतात. बोलावंसं वाटतं, पण संकोच होतो. सुरुवात कशी करू?

“कोणत्या पलटणीत होता?” एवढं विचारा. फौजी माणसासाठी पलटण म्हणजे दुसरं आडनाव असतं, आणि ते कुणी विचारलं की चेहरा खुलतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले असतील तर कितवी बटालियन तेही विचारा. पहिली म्हणजे जंगी पलटण, दुसरी म्हणजे काळी पाचवी. १७६८ आणि १७६९ साली उभ्या राहिलेल्या या पलटणी आहेत, आणि त्यांतल्या माणसाला तो वारसा तोंडपाठ असतो. मग भरती कुठे झाली, ट्रेनिंग बेळगावला झालं की खडकीला, नगरला की नाशिक रोडला, पहिली पोस्टिंग कुठली, पहिली सुट्टी किती महिन्यांनी मिळाली, असं विचारत जा. रंगरूट असतानाच्या गोष्टी सगळे हसत हसत सांगतात. तिथून पुढे ते नेतील तिकडे जायचं.

घरी गेलात तर माळ्यावर एक काळी लोखंडी ट्रंक दिसेल. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं असतं. रंग उडालेला असतो, कोपरे दबलेले असतात. त्या ट्रंकेबद्दल जरूर विचारा. जम्मूच्या रेल्वे प्लॅटफॉर्मपासून आसामातल्या बराकीपर्यंत ती बरोबर फिरलेली असते, आणि तिच्यात डिस्चार्ज बुक, ग्रुप फोटो आणि पत्रं जपून ठेवलेली असतात. चाळीस वर्षं उलटली तरी माणूस स्वतःचा आर्मी नंबर एका दमात सांगतो. मोबाइल नंबर मात्र नातवाला विचारावा लागतो.

आणि हे उद्यावर टाकू नका. १९७१ साली वीस-बावीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६५ लढलेले ऐंशीच्या पुढे गेले. १९६२ मधले तर फारच थोडे उरले आहेत.

त्यांना काय म्हणून हाक मारायची?

आपल्याकडच्या खेड्यांत फौजेतून आलेल्या कुणालाही ‘मेजर’ म्हणतात, मग तो नाईक म्हणून निवृत्त झालेला असो वा हवालदार. प्रेमाची हाक आहे, कुणी वाईट वाटून घेत नाही. तरी पहिल्या भेटीत खरा हुद्दा विचारून घ्यावा आणि ‘सुभेदार साहेब’, ‘हवालदार साहेब’ असं म्हणावं. तो हुद्दा त्यांनी वीस-पंचवीस वर्षं घालून कमावलेला असतो. ओळख वाढली की आबा, काका, दादा हे आपोआप येतंच.

युद्धाबद्दल थेट विचारलेलं चालतं का?

चालतं, पण पहिल्या भेटीत नको. आणि “तुम्ही किती जणांना मारलं?” हा प्रश्न कधीच विचारू नका. लहान मुलं विचारतात, आणि समोरचा माणूस हसून विषय बदलतो. ते हसू मी अनेकदा जवळून पाहिलं आहे. त्या रात्री त्याला झोप लागत नसणार, अशी माझी खात्री आहे.

त्याऐवजी सोबत्यांबद्दल विचारा. “तुमच्या सेक्शनमध्ये कोण कोण होतं?” या प्रश्नावर एकेक नाव निघतं: हा खटावचा, तो महाडचा, एक जण गडहिंग्लजचा. एखाद्या नावापाशी ते थांबतील. तेव्हा आपणही थांबायचं. पुढचा प्रश्न घाईने टाकायचा नाही. चहा आला तर चहा घ्यायचा.

सगळ्यांनी लढाई पाहिलेली नसते, हेही लक्षात असू द्या. लंगर चालवणारे, गाड्या दुरुस्त करणारे, सियाचीनच्या खालच्या तळांवर रसद चढवणारे, सिग्नलवाले, दवाखान्यातले असे अनेक असतात. “मी काही लढलो नाही हो,” असं म्हणून ते स्वतःला मागे ठेवतात. त्यांच्याकडे मुद्दाम जास्त वेळ बसा.

वीरपत्नी किंवा वीरमाता यांच्या घरी जायचं असेल तर?

आधी विचारून जा. शक्यतो कुणी ओळखीचं बरोबर घ्या. घोळका नेऊ नका. हार-तुरे, शाल-श्रीफळ, कॅमेरा, बॅनर यांतलं काहीही पहिल्या भेटीत नको. सत्काराला बोलावून दोन तास उन्हात बसवून ठेवलेल्या माउल्या मी पाहिल्या आहेत, आणि पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत त्यांना कुणी पाणीही विचारलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

त्यांच्या माणसाबद्दल बोला, पण फक्त त्याच्या मरणाबद्दल नको. तो कसा होता, त्याला खायला काय आवडायचं, सुट्टीवर आला की कुणाकडे आधी जायचा, हे कुणी विचारत नाही. ते विचारा. शेवटी एक व्यवहाराचा प्रश्नही विचारून ठेवा: पेन्शनचं, सातबाऱ्याचं, मुलांच्या शिक्षणाचं काही काम अडलं आहे का? अडलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्याबरोबर एक चक्कर मारा. अशी एक चक्कर दहा सत्कारांपेक्षा उपयोगी पडते.

पुण्या-मुंबईहून एका दिवसात काय बघता येईल?

पुण्यात खडकीची युद्धस्मशानभूमी आणि छावणीतलं लष्कराच्या दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्धस्मारक. हे दुसरं स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुलं झालं. स्वातंत्र्यानंतर बलिदान दिलेल्या सैनिकांची नावं तिथे कोरली आहेत. पुण्याहून अहिल्यानगर गाठलंत तर रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चिलखती गाडीपासून १९६५ मध्ये हाती आलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत बरंच काही तिथे उघड्यावर मांडलेलं आहे. पॅटनच्या शेजारी उभं राहून त्याची उंची बघा, आणि उसाच्या शेतात लपून त्याची वाट पाहणाऱ्या माणसाची कल्पना करा.

मुंबईत लायन गेटजवळ ‘विक्रांत’चं स्मारक आहे. १९७१ साली बंगालच्या उपसागरातून पूर्व पाकिस्तानची कोंडी करणारी ही विमानवाहू नौका नंतर मोडीत निघाली, आणि तिच्याच पोलादातून हे शिल्प घडवलं. येता-जाता टॅक्सीतून दिसतं, पण उतरून बघणारे थोडेच.

साताऱ्याजवळ आपशिंगे मिलिटरी हे गाव आहे. गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आलं आहे, कारण घरटी माणूस फौजेत देण्याची इथली परंपरा पहिल्या महायुद्धापासूनची. गावात त्या युद्धाचा स्मृतिस्तंभ आहे. पण हे नांदतं गाव आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. जाताना तेवढं भान ठेवा.

खडकीत तर बहुतेक परक्या देशांतले सैनिक आहेत. तिथे आपण का जायचं?

दुसऱ्या महायुद्धातल्या १६०० हून अधिक सैनिकांच्या कबरी इथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची निगा कायम राखणं शक्य नव्हतं, त्या इथे एकत्र आणल्या. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या काळात या उपखंडात मरण पावलेल्या आणि इतरत्र पुरलेल्या १८०० हून अधिक जणांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या सैनिकांचीही नोंद आहे.

दगडावर वर पलटणीचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख आणि वय. बऱ्याच दगडांच्या तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते. वयं वाचत चाला: एकोणीस, बावीस, एकवीस. मरणाचं कारण अनेकदा लढाई नव्हतं, मलेरिया किंवा अपघात होता. हजारो मैलांवरून आलेली आई या कबरीपर्यंत कधी पोहोचली नसेल. आपण मात्र तिथून रिक्षाने वीस मिनिटांवर राहतो. इटलीत, इराकमध्ये, फ्रान्समध्ये आपल्या गावच्या पोरांच्या नावापुढे तिथलं कुणी थांबावं असं वाटत असेल, तर आपणही इथे थांबलं पाहिजे.

पण महायुद्धात आपली माणसं ब्रिटिशांसाठी लढली. त्यांचा गौरव कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मेले, दुसऱ्यात ८७ हजारांहून अधिक. दुसऱ्या महायुद्धातली भारतीय फौज सुमारे २५ लाखांवर गेली होती आणि ती सगळी स्वेच्छेने भरती झालेली होती. पण माणदेशातल्या दुष्काळी गावातल्या तरुणाची ‘स्वेच्छा’ कशी असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कुणी भाकरीसाठी गेला, कुणी घराण्याच्या रिवाजाने, कुणी कर्ज फेडायला.

साम्राज्याचा गौरव करायची गरज नाही. मी करत नाही. पण त्या माणसाचं धैर्य, त्याने जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन ओलांडलेली नदी, त्याच्या घरी आलेली तार, हे साम्राज्याचं नव्हतं. ते त्याचं होतं.

इंफाळच्या आघाडीवर तर भारतीय माणसं दोन्ही बाजूंना होती. तिथलं मोइरांग बघा. १४ एप्रिल १९४४ रोजी आझाद हिंद फौजेने तिथे तिरंगा फडकवला, आणि आता तिथे त्या फौजेचं संग्रहालय आहे. मुंबईत फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरच्या खलाशांनी पुकारलेल्या उठावाचं स्मारक कुलाब्यात आहे. ब्रिटिशांचाच गणवेश घातलेली ही पोरं होती. सगळं एकत्र बघितलं तरच चित्र पुरं होतं.

आमचे पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईत’ गेले, एवढंच घरात माहीत आहे. नाव शोधता येईल का?

बऱ्याचदा येतं. दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. पण आपली नावं तिथे इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेली आहेत, म्हणून चिकाटी लागते. जाधव हे नाव ‘जादव’, ‘जाधाव’, ‘जादो’ अशा रूपांत येऊ शकतं. अनेकांचं आडनावच नसतं, नुसतं नाव आणि पलटण. मराठा पलटणींच्या नावात तेव्हा ‘एच’ हा ‘आर’च्या आधी येई आणि ‘टी’ दोन असत: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. शोधताना तेच स्पेलिंग टाका. अधिक माहितीच्या रकान्यात बापाचं नाव, गाव, जिल्हा असेल तर गावाच्या नावानेही शोधून बघा, आणि गावाचंही स्पेलिंग चार प्रकारे करा.

‘बसरा’ म्हणजे बहुधा पहिल्या महायुद्धातली मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली मोहीम. कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली, आणि त्यानंतर कैदेतल्या पायपिटीत व छावण्यांत असंख्य माणसं गेली. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक जणांची नोंद आहे, पण भारतीय जवानांची नावं त्या भिंतीवर कोरली गेली नाहीत. अधिकाऱ्यांची नावं आली आणि शिपायांचा नुसता आकडा. मेल्यानंतरही हा भेद झाला. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल प्रसिद्ध करून अशा असमान वागणुकीबद्दल माफी मागितली. म्हणूनच नोंदवहीत पणजोबांचं नाव सापडलं तर ते उतरवून घ्या, छापा आणि देव्हाऱ्याशेजारी लावा.

घरात डिस्चार्जचे कागद, पदकं असतील तर पदकाची कड बघा. त्या काळच्या बऱ्याच पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. पॉलिश करून ती घासून टाकू नका.

परदेशात मराठी सैनिकाचं असं ठिकाण आहे का, जिथे मुद्दाम जावं?

इटलीतलं माँटोने. उंब्रिया प्रांतात, पेरूजा जिल्ह्यात, डोंगरमाथ्यावर वसलेलं छोटंसं गाव. तिथे २०२३ मध्ये नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकून गन आणि गनर संपवला, मग टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते जागीच कोसळले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळालं आणि ते त्यांच्या पत्नीने स्वीकारलं. त्यांची कबर कुठेच नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

माँटोनेला जाणं जमणार नसेल तर माणगावला जा. मुंबई-गोवा महामार्गावरच आहे. तहसील कार्यालयापुढे त्यांचा पुतळा आहे. गणपतीला कोकणात जाताना आपण तिथून किती वेळा गेलो असू! एकदा गाडी बाजूला घ्या आणि मुलांना वरची हकिगत तिथेच उभं राहून सांगा.

याच मोहिमेत नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं, आणि मग एकट्याने मशीनगनची ठाणी मोडून काढली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत आपल्यात होते. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. फोर्ली आणि सांग्रो नदीजवळच्या स्मशानभूमींत, दहन झालेल्या भारतीय सैनिकांच्या नावांची वेगळी स्मारकं आहेत.

इंग्लंड-फ्रान्समध्ये राहणाऱ्यांसाठी?

फ्रान्समधलं न्यूव शापेल. तिथल्या गोलाकार स्मारकावर कबर न मिळालेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं आहेत. त्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा भाग जरूर शोधा. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावाच्या हल्ल्यात सॅपर्सच्या दोन कंपन्यांचं फार मोठं नुकसान झालं. सुरुंग आणि पूल यांची कामं करणारी ही माणसं त्या दिवशी संगिनी लावून पायदळासारखी लढली. इंग्लंडमध्ये ब्राइटनजवळच्या टेकडीवर ‘छत्री’ आहे. तिथल्या इस्पितळांत मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना त्या जागी अग्नी दिला होता.

द्रासला जायचं आहे. काय तयारी करू?

शरीराची आणि मनाची, दोन्ही. लडाखमधलं द्रास, म्हणजे १९९९ च्या कारगिल युद्धाचं ठिकाण, सुमारे १०,८०० फुटांवर आहे. श्रीनगरहून सोनमर्ग आणि झोजी ला ओलांडून जावं लागतं, आणि हिवाळ्यात बर्फामुळे खिंड बंद असते. जून ते सप्टेंबर हा बरा काळ. धावपळ करू नका, पाणी भरपूर प्या, वयस्कर मंडळी बरोबर असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. २६ जुलैला विजय दिवसाचा मोठा कार्यक्रम असतो. गर्दी आणि सुरक्षा दोन्ही असते. निवांत बघायचं असेल तर दुसरा दिवस निवडा.

स्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशी, महामार्गाला लागूनच आहे. आत उभं राहिलं की समोरच्या भिंतीमागे तो डोंगर सरळ वर जातो. झाड नाही, आडोसा नाही, नुसता दगड आणि मुरूम. माथा ४,५९० मीटरवर, म्हणजे १५ हजार फुटांच्या वर. रात्रीच्या अंधारात, पाठीवर दारूगोळा घेऊन, वरून गोळ्या येत असताना तो चढायचा होता. १३ जून १९९९ रोजी दुसऱ्या राजपुताना रायफल्सने तो घेतला. टायगर हिल ४ जुलैला १८ ग्रेनेडियर्सने. तिथे ड्यूटीवर असलेले जवान हाताने एकेक शिखर दाखवत लढाई सांगतात. ते ऐकताना आपण जॅकेट घालूनही कुडकुडत असतो.

या युद्धात ५२७ जवान गेले. जाण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या एकाचं नाव शोधून ठेवा आणि भिंतीवर ते हुडका. अनेक जण भिंतीपुढे फोटो काढून दहा मिनिटांत निघतात, कारण त्यांना कुणाला शोधायचंच नसतं.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक?

इंडिया गेटच्या मागेच आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. प्रवेश मोफत. अमर, वीरता, त्याग आणि रक्षक अशी चार चक्रं आहेत. त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटेएवढ्या फरशांवर सुमारे २६ हजार नावं आहेत. हवं ते नाव नेमकं कुठे आहे, हे तिथल्या पडद्यांवर शोधता येतं. संध्याकाळी जा. रोज सूर्यास्ताच्या सुमारास एका हुतात्म्याच्या घरचं माणूस पुष्पचक्र वाहतं.

परम योद्धा स्थळावर परमवीरचक्र मिळालेल्या २१ जणांचे पुतळे आहेत. त्यांत रामा राघोबा राणे यांच्यापुढे थांबा. कारवारजवळच्या चेंडियाच्या घराण्यातले, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. मारा इतका होता की एका टप्प्यावर ते पुढच्या रणगाड्याखाली शिरले आणि दोरीने चालकाला खुणा करत, रणगाड्याबरोबर सरपटत पुढे गेले. नंतर ते पुण्यातच राहिले आणि १९९४ साली वारले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, गोव्याहून अगदी जवळ.

कोहिमा, इंफाळ?

जरूर. कोहिमाच्या स्मशानभूमीत १,४०० हून अधिक कबरी आहेत, आणि दहन झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांचं स्मारक सगळ्यात वरच्या बाजूला आहे. लोक जिथे लढाई झाली त्या टेनिस कोर्टची जागा बघून परत फिरतात. तुम्ही वरपर्यंत चढा. मणिपुरातलं सांगशाक तर मराठी माणसाला माहीत असायलाच हवं. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजेला तिथे काही दिवस रोखून धरणाऱ्यांत पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर चौथी मराठा बटालियन होती. त्या दिवसांमुळे कोहिमा आणि इंफाळच्या बचावाला वेळ मिळाला. दोन्ही राज्यांत इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना, लागतं. मणिपूरला निघण्याआधी तिथल्या परिस्थितीची ताजी चौकशी करा.

राजस्थान सहलीत लोंगेवाला जोडावं का?

जोडा. जैसलमेरहून दिवसभरात तनोट आणि लोंगेवाला होतं. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या कंपनीने रणगाड्यांचा हल्ला पहाटेपर्यंत थोपवला, आणि उजाडल्यावर हवाई दलाची हंटर विमानं आली. मोडके रणगाडे तिथे अजून ठेवले आहेत. ऊन फार असतं, डिसेंबर-जानेवारीतच जा.

लहान मुलांना न्यावं का?

आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुलं समजून घेतात. मात्र त्यांना फक्त तोफा आणि विजय दाखवू नका. एक नाव द्या, त्याचं वय सांगा, तो घरी कुणाला सोडून गेला ते सांगा. परतल्यावर ओळखीच्या एखाद्या माजी सैनिकाकडे न्या. तोफेवर चढून फोटो काढणं मात्र तिथेच थांबवा.

फोटो आणि व्हिडिओ?

जिथे परवानगी आहे तिथे काढा. छावणीचा भाग, चौक्या, गाड्यांचे ताफे, पूल यांचे फोटो नकोत. ड्रोन तर मुळीच नको. अमर ज्योतीपुढे गाणं लावून नाचत रील करणाऱ्यांना मी सरळ जाऊन थांबवतो. तुम्हीही थांबवा, नम्रपणे. आणि माजी सैनिकाचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं असेल तर विचारून करा, आणि त्याची एक प्रत त्यांच्या घरी द्या.

रणभूमीवरून आठवण म्हणून काडतूस, तुकडा आणता येईल?

नाही. जुना दारूगोळा आजही फुटतो, आणि तो बाळगणं गुन्हा आहे.

पैशांनी मदत करायची असेल तर कुठे द्यावेत?

७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन लक्षात ठेवा. ध्वजनिधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा केंद्रीय सैनिक बोर्डाकडे थेट भरता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या खाते क्रमांकांवर पैसे टाकू नका. कुठलीही मोठी घटना घडली की असे बनावट संदेश सुरू होतात.

खडकीतल्या दोन संस्था मुद्दाम सांगतो. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंग सैनिकांना हातात कसब देते. पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात मणक्याच्या दुखापतीने व्हीलचेअरवर आलेले माजी सैनिक राहतात. अशा दुखापतीनंतर माणूस काय करू शकतो, हे सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी दाखवलं: १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं. केंद्रात भेटीची वेळ आधी ठरवून जा. पैशांइतकीच तिथे गप्पा मारणाऱ्या माणसांची गरज असते.

आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक जुना संगमरवरी दगड आहे. त्यावर इंग्रजीत काहीतरी आकडे आहेत. तो काय आहे?

बहुधा पहिल्या महायुद्धाचा. असे दगड महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आहेत. मजकूर जवळपास एकाच साच्याचा: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे, नाव एकाचंही नाही. कुठे त्यावर निवडणुकीचं पोस्टर चिकटवलेलं असतं, कुठे तो ऑइल पेंटने रंगवून टाकलेला असतो.

दगड खरवडू नका, ॲसिड लावू नका, नवा रंग देऊ नका. मऊ फडकं आणि साधं पाणी पुरे. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं स्पष्ट येतात. ग्रामपंचायतीला लेखी कळवा की चावडी पाडायची झाली तर हा दगड आधी सुरक्षित काढून ठेवावा. रस्तारुंदीकरणात असे दगड राडारोड्याबरोबर गेलेले आहेत.

मग नावांच्या मागे लागा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की कुणाच्या घरातलं माणूस ‘लामावर’ गेलं होतं. पहिल्या महायुद्धाला जुनी माणसं असंच म्हणत. वर सांगितल्याप्रमाणे कमिशनच्या यादीत गावाच्या नावाने शोधा. सगळे सापडणार नाहीत. पाचातले दोन सापडले तरी ती दोन नावं, पलटण आणि तारखेसह, मराठीत एका फळ्यावर लिहून त्या दगडाशेजारी लावा. एक प्रत शाळेत द्या, म्हणजे १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मुलं ती वाचून दाखवतील.